अडकित्त्यातली वीज

अडकित्त्यातली सुपारी काढून ठेवा आणि तिच्या जागी खडीसाखरेचा खडा धरा. दोऱ्यावर चढलेला, काचेसारखा स्वच्छ, बोटाच्या पेराएवढा. स्वयंपाकघरातला दिवा मघाशीच घालवलाय, खिडकीला चादर लावलीय, फ्रिजच्या दारावरच्या लुकलुकत्या ठिपक्यावर चिकटपट्टी मारलीय. तरी लगेच दाबू नका. दहा मिनिटं नुसतं बसायचं. आधी अंधार काळाकुट्ट वाटतो, मग राखाडी होतो, मग ओट्याची कड आणि पाण्याच्या पिंपाचा गोल कळायला लागतो. म्हणजे डोळे तयार झाले. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी विचारतंय, "काय चाललंय आत?" उत्तर देऊ नका.

आता दाबा.

कट्ट. खडा जिथे दुभंगला तिथे फिक्या निळ्या उजेडाची एक रेघ उमटते. आली म्हणेपर्यंत गेलेली. पाहिलं की भास झाला, हे ठरवायला दुसरा खडा फोडावा लागतो. पुन्हा तीच रेघ, या वेळी जरा जाड. ऊब नाही, धूर नाही, वास नाही.

हा उजेड तुमच्या ओळखीचा आहे. आठवा. तुम्ही आठ-नऊ वर्षांचे, मे महिना, आजोळ, ओढ्यातून खिसे भरून आणलेल्या पांढऱ्या गारगोट्या. रात्री घोंगडीखाली डोकं खुपसून त्यांतल्या दोन एकमेकींवर खसाखसा घासायच्या. चकमकीची ठिणगी वेगळी. तिच्यात पोलादाचा कण जळत उडतो. गारगोटीतून काहीच उडायचं नाही. दगडाच्या पोटातच पिवळसर नारिंगी उजेड पेटायचा, आत कुणी कंदील धरल्यासारखा, आणि नाकाशी जळकट वास. मामेभाऊ म्हणायचा, आत भूत आहे. मोठ्या माणसांना विचारलं तर ती म्हणायची, "झोपा आता."

झोपलात. आता उठा. खडीसाखरेचा एक खडा खिशात टाका, कारण निघायचंय. तुम्ही कुणाला दिसणार नाही, कुणी तुमचं ऐकणार नाही. फक्त मनगटावरचं घड्याळ बाहीत झाका. का ते पुढे कळेल.

लंडन, १६२०. चुलीशेजारच्या मेजावर साखरेची ढेप उभी आहे. गुळाची असते तशी बसकी नाही, निमुळत्या सुळक्यासारखी, दगडासारखी टणक. तिचे तुकडे करायला लोखंडी चिमटा लागतो, आणि तो पाहून तुम्हाला हसू येतं, कारण तो अडकित्त्याचा चुलतभाऊच आहे. नोकर मेणबत्ती विझवतो आणि सुरीने ढेप खरवडतो. पात्यामागे बारीक चमक धावते.

घराचा मालक फ्रान्सिस बेकन आहे असं समजू. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर. पुढच्याच वर्षी लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याचं पद जाणार आहे, पण तो आपला विषय नाही. याच वर्षी त्याचा 'नोव्हम ऑर्गानम' हा लॅटिन ग्रंथ बाहेर पडलाय आणि त्यात साखरेची ही नोंद आहे: टणक साखर अंधारात फोडली किंवा सुरीने खरवडली की चमकते. नोंद कुठे आहे, ते पाहण्यासारखं आहे. बेकन शोधतोय उष्णता. उष्णता जिथे सापडावी असं वाटतं पण सापडत नाही, अशा गोष्टींची तो यादी करतोय, आणि साखर त्या यादीत जाते. उजेड आहे, ऊब नाही. शेरा मारला, पुढे गेला. तुम्हाला त्याचा दंड धरून सांगावंसं वाटतं, अहो, जरा थांबा इथे. पण थांबून त्याने करायचं काय होतं? विजेसाठी मोजपट्टी नव्हती. वीज हा शब्दच अजून धड रुळला नव्हता.

त्रेचाळीस वर्षांनी, १६६३ साली, त्याच देशात रॉबर्ट बॉइल एक हिरा अंधारात घासून बसेल आणि त्यातून येणारा उजेड बारकाईने लिहून ठेवेल. तेही पाहणंच. सुंदर पाहणं, पण पाहणंच.

ॲम्स्टरडॅममध्ये फार वेळ घालवू नका, थंडी आहे. अठरावं शतक नुकतं लागलंय. डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून आणलेला एक खडा मेजावर हातोहात फिरतोय. तूरमली म्हणा, टूर्मलीन म्हणा. नाव सिंहली भाषेतून आलेलं आहे. पाइप ओढणारा एक गृहस्थ तो खडा निखाऱ्याजवळ तापवतो आणि पाइपात धरतो. राख उडून खड्याला चिकटते. म्हणून डच लोक त्याला राखओढ्या म्हणतात. तापवला की या खड्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण वीज येते, हे कळायला १७५६ साल उजाडावं लागेल. तोवर पाइप साफ करायला बरा. एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा: दोन टोकं, दोन वेगळ्या खुणा. पुढच्या मुक्कामाला तीच लागणार आहे.

पॅरिस, १८८० चा वसंत. सोरबॉन विद्यापीठातली खनिजशास्त्राची प्रयोगशाळा. फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेली स्फटिकांची खोकी, तेलाचा वास, खिडकीतून तिरपं ऊन. मेजापाशी दोन भाऊ. थोरला झाक क्युरी, चोविशीचा, इथे शार्ल फ्रिडेल यांच्या हाताखाली साहाय्यक. धाकटा पिएर, वीस-एकवीस वर्षांचा, शेजारच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत कामाला. पिएर शाळेत कधी गेलाच नाही. डॉक्टर वडिलांनी घरी शिकवलं आणि सोळाव्या वर्षी पोराने पदवीची पहिली पायरी ओलांडली.

जवळ जा. त्यांचं सामान पाहून तुमची निराशा होईल. कथलाचे दोन पातळ पत्रे, मिठाईवरच्या वर्खाचे दांडगे भाऊ. कडक रबराचे दोन तुकडे. तारा. आणि सुताराकडे असतो तसा व्हाइस. कापून घासलेल्या स्फटिकाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना कथील, कथलाच्या बाहेरून वीज निसटू नये म्हणून रबर, आणि हे सगळं सँडविच व्हाइसच्या जबड्यात. कथलापासून निघालेल्या तारा कोपऱ्यातल्या एका काचेच्या पेटीकडे जातात. तिथे पितळेच्या चार पाकळ्या आहेत, त्यांच्यावर रेशमाच्या धाग्याने टांगलेली हलकी सुई, आणि सुईच्या दांड्याला नखाएवढा आरसा. दिव्याचा झोत आरशावर पडतो आणि परावर्तित ठिपका समोरच्या मोजपट्टीवर थरथरत असतो. सुई केसाएवढी वळली तरी ठिपका बोटभर सरकतो.

झाक व्हाइस आवळतो. ठिपका डावीकडे सरकतो आणि थांबतो.

तारा क्षणभर जमिनीला जोडून वीज घालवतात. ठिपका शून्यावर. आता झाक व्हाइस सैल करतो. तुमची अपेक्षा असते की काहीच होणार नाही; दाब गेला, विषय संपला. ठिपका उजवीकडे सरकतो, जवळजवळ तेवढाच. दाबताना एक खूण, सोडताना उलट खूण.

इथे उभं राहून मला नेहमी वाटतं, की ही दुसरी हालचाल त्यांनी पाहिली नसती तर शोध अर्धाच राहिला असता. घासल्याने वीज येते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही म्हणालं असतं, कथील घासलं गेलं असेल. पण घर्षणाची वीज सोडताना उलटत नाही.

मेजावरच्या स्फटिकांवर नजर टाका. तूरमली आहेच. क्वार्ट्झ आहे, म्हणजे आपली गारगोटी, पण शुद्ध आणि सहा कडांची. टार्टारिक आम्ल आहे, ज्याच्यामुळे चिंच आंबट लागते. ला रोशेल गावच्या औषधवाल्यांनी प्रसिद्ध केलेलं रोशेल मीठ आहे. आणि उसाची साखर आहे. खिशातला खडा पुढे करायला तुमचा हात शिवशिवतो, पण राहू द्या. त्यांचा खडा तुमच्यापेक्षा मोठा आणि नितळ आहे.

हेच स्फटिक का? दोघे समोर दिसेल ते दाबत सुटलेले नाहीत. त्यांना आधीच ठाऊक आहे कुठे दाबायचं. अंगणात तीन मुलगे आणि तीन मुली आलटूनपालटून हात धरून गोल उभ्या करा. प्रत्येक मुलाच्या बरोबर समोर मुलगी येते. आता त्या गोलाला दोन बाजूंनी दाबा. एका टोकाचा मुलगा आत येतो, समोरच्या टोकाची मुलगीही आत येते, आणि सगळ्या मुलग्यांचा मध्य एकीकडे, सगळ्या मुलींचा मध्य दुसरीकडे सरकतो. मुलगे म्हणजे धन, मुली म्हणजे ऋण असं धरा, की एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण वीज उघडी पडली. गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन साधारण असेच उभे आहेत. जेवणातल्या मिठात मात्र प्रत्येकाच्या बरोबर समोर, तेवढ्याच अंतरावर, त्याच गटाचा गडी असतो. कितीही दाबा, दोन्ही मध्य जागच्या जागी राहतात. म्हणून मीठ दाबून ठिपका हलत नाही. अणूंची ही मांडणी १८८० साली कुणी पाहिलेली नव्हती. भावांनी ती स्फटिकाच्या कोनांवरून आणि तूरमलीच्या दोन टोकांवरून ताडली होती.

पुढच्या वर्षी हांकेल नावाचे जर्मन प्राध्यापक या प्रकाराला पिझोइलेक्ट्रिसिटी हे नाव देतील, ग्रीक भाषेतल्या दाबण्यावरून. आपण दाबवीज म्हणू. त्याच वर्षी गाब्रिएल लिपमान कागदावर गणित मांडून सांगतील, की दाबाने वीज येत असेल तर वीज दिल्यावर स्फटिकाचा आकारही बदलला पाहिजे. आणि हे दोघे भाऊ काही महिन्यांत तसं होतं हे दाखवून देतील.

आता बाहीखालचं घड्याळ. त्यात गारगोटीचा एक चिमुकला चिमटा आहे. बॅटरीची वीज मिळाली की तो वाकतो, वाकला की वीज परत करतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो, आणि काटा एक घर पुढे जातो. अशा घड्याळाचा पहिला हातावरचा नमुना जपानमध्ये २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आला. सेको कंपनीचा, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाची एखादी मोटार. आज तो चिमटा फुटपाथवर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. झाक आणि पिएर यांच्यापासून हाताच्या अंतरावर तो टिकटिकतोय आणि ते ठिपक्याकडे पाहताहेत. बाही खाली ओढा.

एक हिशेब इथेच करून टाकू. गारगोटीवर योग्य दिशेने एक किलोचं वजन ठेवलं, तर येणारी वीज साधारण २३ पिकोकूलोंब. एक पिकोकूलोंब म्हणजे कूलोंबचा लाख-कोटीवा भाग. मोबाइल चार्ज होताना एका सेकंदात एखादा कूलोंब सहज वाहून जातो. दादरच्या पुलावर खास फरश्या बसवा, लाखो पावलांवर शहर उजळेल, असं कुणी ना कुणी उत्साहाने सुचवत असतं. त्यांना हा आकडा नम्रपणे दाखवावा. दाबवीज दिवे पेटवायला तोकडीच आहे. तिचा खरा उपयोग पिएरला कळला होता. वजन ठाऊक असेल तर वीज नेमकी किती, हे ठाऊक. म्हणजे गारगोटी हा विजेचा तराजू. भावांनी तसा तराजू बांधलाही: गारगोटीची लांब, पातळ पट्टी उभी टांगायची आणि खाली पारडं. पट्टी जितकी लांब आणि जितकी पातळ, तितकी त्याच वजनाला वीज जास्त.

१८८३ साली झाक माँपेल्यिएला शिकवायला गेला. तराजू राहिला.

पॅरिसच, पण फेब्रुवारी १८९८. ल्होमाँ रस्त्यावरची औद्योगिक भौतिकी आणि रसायनाची शाळा, तळमजल्यावरची काचेच्या भिंतींची अडगळीची खोली. दारातच हुडहुडी भरते. ६ तारखेच्या वहीत खोलीचं तापमान लिहिलंय ६.२५ अंश, आणि त्यापुढे रागाची उद्गारचिन्हं. लिहिणारी बाई तीस वर्षांची. काळा झगा, केस घट्ट बांधलेले, घरी पाच महिन्यांची मुलगी. नाव मारी, पिएरची बायको. पुढे तिला सगळं जग मादाम क्युरी म्हणेल.

ती ज्यावर काम करतेय ते नीट पाहा, कारण हे पाहायलाच आपण आलोय. दोन गोल धातूच्या ताटल्या, आठ सेंटिमीटर व्यासाच्या, एकीवर एक, मध्ये तीन सेंटिमीटर अंतर. खालच्या ताटलीत युरेनियमची पूड पसरलेली. तिला १०० व्होल्ट जोडलेत. पुडीतून निघणाऱ्या किरणांनी मधली हवा किंचित वीजवाहक होते आणि वरच्या ताटलीत वीज जमायला लागते, टोपलीत पाणी धरावं इतकी थोडी. ती वीज तारेने त्याच जुन्या पाकळ्यांच्या पेटीत जाते आणि ठिपका सरकायला लागतो. दुसऱ्या बाजूने गारगोटीची पट्टी जोडलेली. पट्टीवर ताण पडला की तिच्यातून उलट वीज येते आणि ठिपक्याला मागे ओढते.

मारी वजन पारड्यात सोडून देत नाही. ती ते बोटांनी धरून ठेवते आणि हळूहळू सैल सोडते. नजर ठिपक्यावर. ठिपका शून्यावरून हलता कामा नये. तो पुढे जाऊ पाहतो तसं ती वजन आणखी थोडं सोडते, तो थबकतो, ती थांबते. दुसऱ्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. वजन संपूर्ण पारड्यात आलं, बोटं रिकामी झाली, की घड्याळ बंद. इतक्या वजनाने किती वीज येते ते माहीत, किती सेकंद लागले ते माहीत. भागाकार केला की किरणांचा जोर कळला.

ती वहीत लिहायला वळलीय. तेवढ्यात बसा खुर्चीत. वजन घ्या. आधी हात कापतो, ठिपका उडी मारतो. पुन्हा. आता ठिपका सांभाळताना बटण दाबायचं राहून गेलं. पुन्हा. या वेळी श्वास काचेवर पडला, आणि दमट हवेत वीज झिरपून जाते, त्यामुळे सगळं मोजमाप फुकट. दळता दळता जात्याच्या पाळीकडे, झोळीतल्या बाळाकडे आणि चुलीवरच्या दुधाकडे एकदम लक्ष ठेवणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्यात. तसं कौशल्य लागतं हे. तुम्हाला जमलं नाही. उठा, ती येतेय.

तिने एकामागून एक खनिजं या तराजूवर घातली. आकडे अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागांत. युरेनियम धातू, सुमारे २४. मग योहानगेओर्गनश्टाट गावच्या खाणीतलं पिचब्लेंड, डांबरासारखं काळं, जड. आकडा ८३.

हे शक्यच नाही. पिचब्लेंडमध्ये युरेनियम आहे म्हणून ते किरण टाकतं, आणि त्यात युरेनियम शुद्ध धातूपेक्षा कमीच असणार. उसापेक्षा चिपाड गोड लागावं तसं झालं. मारीने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग तिने चाल्कोलाइट हे दुसरं खनिज घेतलं: खाणीतलं ५२. तेच खनिज प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवलं, तर आकडा युरेनियमहूनही कमी. म्हणजे खाणीतल्या दगडात आणखी काहीतरी होतं. १२ एप्रिलला तिचा निबंध लिपमान यांनी ॲकॅडमीत वाचला. पिएरने स्वतःचं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं आणि बायकोच्या कामात उतरला. जुलैत पोलोनियम, डिसेंबरात रेडियम.

दोन वर्षांपूर्वी बेकरेल यांनी युरेनियमचे किरण शोधले ते फोटोच्या काचेवर. काच काळी पडली, त्यांनी पाहिली. काळी पडलेली काच पिचब्लेंडनेही दिली असती. पण २४ आणि ८३ मधला फरक काळेपणात कसा वाचणार? तो गारगोटीला टांगलेल्या पारड्यात वाचता आला. रेडियमच्या शोधाच्या गोष्टीत आपल्याला शाळेत पिचब्लेंडच्या गोण्या, गळकी शेड आणि ढवळायची लोखंडी दांडी सांगतात. गारगोटीची पट्टी कुणी सांगत नाही. मला तर ती गोण्यांच्या आधी सांगावीशी वाटते.

१९१७. पिएर अकरा वर्षांपूर्वी दोफिन रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेला. युद्ध चालू आहे, जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवताहेत. पिएरचा विद्यार्थी पॉल लांजव्हाँ पाण्याने भरलेल्या टाकीपाशी उभा आहे. दोन पोलादी तबकड्या आणि मध्ये गारगोटीचा थर. आता उलटा खेळ: वीज द्यायची, गारगोटी थरथरते, पाण्यात आवाज जातो. कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचा, पण झोतासारखा सरळ. समोर पोलाद असेल तर तो परत येतो, गारगोटीला दाबतो, गारगोटी वीज देते. तीच बोलते, तीच ऐकते. टाकीत हात घालू नका. झोताजवळ सोडलेले मासे मरतात आणि हात घालणाऱ्यांना कळ येते, हे लांजव्हाँने नोंदवून ठेवलंय.

पाणबुडी शोधायचं हे यंत्र पुढे कुठवर आलं ते तुम्हाला माहीत आहे. सोनोग्राफीच्या खोलीत पोटावर थंडगार जेल लावून डॉक्टर जी मूठ फिरवतात, तिच्यात दाबवीज देणारा पदार्थच असतो. गारगोटीऐवजी आता शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमची भाजलेली चिनीमाती. बाळाच्या छातीतली धकधक पडद्यावर पाहून तुमचे डोळे भरून आले असतील. त्याच खोलीच्या भिंतीवर गर्भलिंग सांगितलं जाणार नाही असा फलकही असतो. पाहायचं यंत्र मिळाल्यावर आपण काय पाहायला निघालो, हे त्या फलकावरून कळतं. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राला करावा लागला, ही शरमेची गोष्ट आणि शहाणपणाचीही.

चला परत. स्वयंपाकघर तसंच आहे, अडकित्ता ओट्यावर, अंधार. खिशातला खडा बाहेर काढा. आता फोडाल तेव्हा काय घडतंय ते ठाऊक आहे. खडा तडकताना भेगेच्या दोन बाजूंवर उलटसुलट वीज उघडी पडते, मधल्या हवेतून ती उडी घेते, आणि हवेतला नायट्रोजन चमकतो. पावसाळी ढगात चमकतो तोच नायट्रोजन. त्याचा बराचसा उजेड जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. निळी रेघ दिसते ती उरलीसुरली. पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. दाबून वीज न देणारे काही स्फटिकही फुटताना चमकतात, त्यामुळे दाबवीज आणि फुटण्याचा उजेड यांचं लग्न अजून पक्कं लागलेलं नाही.

दार उघडतं, दिवा लागतो, डोळे दिपतात. चहा टाकायचाय म्हणे. हात लायटरकडे जातो. टक्. आतली स्प्रिंग एक छोटी हातोडी सोडते, ती मघाच्या त्याच चिनीमातीच्या नळीवर आदळते, हजारो व्होल्टची ठिणगी टोकाशी उडते, गॅस पेटतो. बॅटरी नाही, वायर नाही. व्हाइस, कथील आणि रबर सगळं एका दांड्यात मावलंय आणि तुम्ही ते दिवसातून दहा वेळा दाबता.

प्रयोग करणार असाल तर पावसाळ्यात करू नका. दमट हवेत साखर चिकट होते आणि मन खट्टू होतं. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी रात्र बरी. अडकित्ता आणि खडा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर कपच्या डोळ्यांत उडतील. मुलांना सोबत घ्या आणि दहा मिनिटं गप्प बसवा. आणि झाल्यावर ओटा ओल्या फडक्याने पुसा. मुंग्या येतात.